सोळाव्या वर्षीचं कॉलेज

नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या घरांत मूल तीन-चार वर्षांचं झालं की बासरला जायचं ठरतं. ज्ञानसरस्वतीपुढे बसून पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचं, हळदीचा प्रसाद घ्यायचा आणि मग शाळेत नाव घालायचं. धर्माबाद सोडलं की रेल्वेने पुढचं मोठं स्टेशन बासरच. गाव तेलंगणात आहे, पण मुधोळ-भैंसाच्या त्या पट्ट्यात मराठी आजही घरात आणि बाजारात बोलली जाते. निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं मात्र आंध्रात गेली.

देवळाला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की याच गावात २००८ पासून एक विद्यापीठ आहे आणि ते बारावीची वाट पाहत नाही. राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज हे त्याचं पूर्ण नाव. तिकडे सगळे ‘ट्रिपल आयटी बासर’ म्हणतात. दहावी झालेलं मूल थेट विद्यापीठात दाखल होतं. पहिली दोन वर्षं प्री-युनिव्हर्सिटी, म्हणजे पीयूसी, आणि पुढची चार वर्षं बी.टेक. सहा वर्षं एकच आवार, एकच वसतिगृह. दहावीनंतर मध्ये कुठलीही प्रवेश परीक्षा नाही. पीयूसीच्या दोन वर्षांत जे कमावलं, त्यावर अभियांत्रिकीची शाखा मिळते.

अविभाजित आंध्र प्रदेशात वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना हे विद्यापीठ स्थापन झालं. बासर, नुझविद आणि इडुपुलपाया असे तीन परिसर, आणि पहिल्याच वर्षी तिन्ही मिळून सुमारे सहा हजार मुलं. कल्पनेमागे होते राज रेड्डी. चित्तूर जिल्ह्यातल्या कातूर या खेड्यात जन्मलेला हा माणूस पुढे अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि संगणकशास्त्रातलं सर्वोच्च समजलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक त्याला १९९४ मध्ये मिळालं. प्रवेशाचा नियमही नीट विचार करून केलेला होता. सरकारी, बिगरनिवासी शाळेत शिकलेल्या मुलाच्या दहावीच्या ग्रेड पॉइंटमध्ये ०.४ ची भर घालायची. ज्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि विज्ञानाचे शिक्षक निम्मं वर्ष दुसऱ्या कामावर असतात, तिथून नव्वद टक्के आणणारं मूल आणि हैदराबादच्या खासगी शाळेतून तेवढेच गुण आणणारं मूल यांना सारखं मोजणं अन्यायाचं आहे, हे इथे कागदावर मान्य केलेलं होतं.

शाळेच्या वयातच महाविद्यालयीन श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवू देणाऱ्या शाळांविषयी हल्ली आपल्याकडे बरंच बोललं जातं. बोलणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा अमेरिका असते. हैदराबादच्या गच्चीबावली-कोंडापूरकडच्या आंतरराष्ट्रीय शाळा असतात, अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे पेपर असतात, अमेरिकेतल्या विद्यापीठात एक सत्र वाचवून लाखो रुपये वाचवण्याचा हिशेब असतो. त्या हिशेबात चूक काही नाही. ज्यांना तो परवडतो त्यांनी करावा. पण सोळाव्या वर्षी कॉलेजचं दार उघडण्याची गरज सर्वांत जास्त कुणाला आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कोंडापूरपेक्षा बासरच्या जास्त जवळ आहे.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण सोळाव्या वर्षीचं कॉलेज आपल्याकडे नवं नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक घेतली. मॅट्रिक ही विद्यापीठाची परीक्षा होती. ती उत्तीर्ण झालेला मुलगा कॉलेजात जाई आणि त्याचं पहिलं वर्ष हे पदवीच्या वाटेवरचंच वर्ष असे. हैदराबाद संस्थानातही तेच. निजाम कॉलेज १८८७चं, मद्रास विद्यापीठाशी जोडलेलं. उस्मानिया विद्यापीठ १९१८चं, उर्दू माध्यमाचं. १९१९ मध्ये तिथे जे वर्ग भरले ते इंटरमीजिएटचे. मराठवाड्यातला मुलगा घरी मराठी बोलायचा, कॉलेजात रसायनशास्त्र उर्दूत शिकायचा आणि मॅट्रिकनंतरची दोन वर्षं विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून काढायचा. औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज १९२३ मध्ये निघालं तेही उस्मानियाचंच अंग होतं. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने १९०७ मध्ये हैदराबादेत विवेक वर्धिनी उभी केली, ती आपली मुलं या दारापर्यंत मराठीतून पोचावीत म्हणून.

मग या दोन वर्षांचं विद्यापीठाशी असलेलं नातं टप्प्याटप्प्याने तुटत गेलं. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये सांगितलं की शाळा आणि विद्यापीठ यांची सीमा मॅट्रिकला नसून इंटरमीजिएटला असावी. १९५२-५३च्या मुदलियार आयोगाने इंटर मोडून त्यातलं एक वर्ष शाळेला आणि एक कॉलेजला द्यायला सांगितलं. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध दिला. आंध्रने १९६९ मध्ये दोन वर्षांचं इंटर आणलं आणि १९७१ मध्ये त्यासाठी वेगळं मंडळ नेमलं. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली, बारावीची १९७७ मध्ये.

आज सत्तरीत असलेल्या वाचकांना आठवत असेल, अकरावीची एस.एस.सी. झाली की ते कॉलेजकुमार होत. शाळेची अकरा आणि कॉलेजची चार, एकूण पंधरा वर्षं. नव्या पद्धतीतही दहा, दोन आणि तीन मिळून पंधराच. एकूण वर्षं तेवढीच राहिली. बदललं ते इतकंच की कॉलेजचं जे पहिलं वर्ष होतं, त्याची बारावी झाली. अनेक ठिकाणी इमारत तीच राहिली, प्रयोगशाळा तीच, शिकवणारे बरेचसे तेच. पण त्या वर्षी केलेलं काम पदवीच्या खात्यावर जमा होणं थांबलं. मोठ्या संख्येने मुलं शाळेत येऊ लागली होती, विद्यापीठांवर ताण होता, अभ्यासक्रम देशभर एकसारखा हवा होता. कारणं खरी होती आणि निर्णय घेणारे लोक विचारी होते. तरीही त्यात काय हरपलं ते बोललं पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विद्यापीठ ‘माझा विद्यार्थी’ म्हणायचं, ते म्हणणं गेलं.

विद्यापीठाने विद्यार्थ्याला आपलं म्हणण्यात किती ताकद असते याचा एक दाखला हैदराबादच्याच इतिहासात आहे. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. निजाम सरकारने मनाई केली, मुलं ऐकेनात, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आलं. संस्थानातलं विद्यापीठ एकच आणि त्याचं दार बंद. शिवाय झालेलं शिक्षण उर्दूतलं. या मुलांची वर्षं वाया जाणार हे उघड होतं. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतलं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी पुढाकार घेतला आणि हैदराबाद राज्यातून आलेल्या त्या मुलांचं शिक्षण पुढे चालू राहिलं. वारंगळच्या कॉलेजातून असाच बाहेर पडलेला एक विद्यार्थी पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि नागपूरला शिकला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्याचं नाव. तेव्हा श्रेयांक हस्तांतराची कुठली यंत्रणा नव्हती, पोर्टल नव्हतं. एका विद्यापीठाने दुसरीकडे झालेला अभ्यास खरा मानला, एवढंच होतं. श्रेयांकाच्या सगळ्या व्यवहाराचा पाया हा विश्वास आहे. तो असेल तर साधा दाखला पुरतो. तो नसेल तर कितीही मोठी यंत्रणा उभारा, मूल पुन्हा पहिल्या पायरीवरच उभं राहतं.

आज हैदराबादेत इंटरची दोन वर्षं कशी जातात ते बघा. दहावीचा निकाल लागायच्या आतच ‘एमपीसी की बायपीसी’ हे ठरलेलं असतं. गणित, भौतिक, रसायन हा गट घेतला तर पहिल्या वर्षाचे ४७० आणि दुसऱ्या वर्षाचे ५३० असे हजार गुणांचे पेपर मंडळ घेतं. महाराष्ट्रापेक्षा हे एका अर्थाने बरं. आपल्याकडे अकरावीचा निकाल पुढे कुठेच धरला जात नाही, तिथे पहिलं वर्षही मोजलं जातं. पण हजारापैकी साडेनऊशे मिळवलेल्या मुलालाही अभियांत्रिकीच्या दारात त्या गुणांचा काही उपयोग नसतो. पूर्वी एमसेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत इंटरच्या गुणांना २५ टक्के वजन होतं. तेलंगणाने २०२३ मध्ये ते कायमचं काढून टाकलं. आता पात्रतेपुरते किमान गुण असले की झालं. आपल्या एमएचटी-सीईटीतही बारावीचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. दोन वर्षांचा अभ्यास, प्रयोगवह्या, तोंडी परीक्षा, भाषेचे पेपर या सगळ्याचं मोल तीन तासांच्या एका चाचणीपुढे शून्य होतं.

त्यामुळे ही दोन वर्षं कॉर्पोरेट ज्युनियर कॉलेजांच्या हाती गेली आहेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तेलुगू वर्तमानपत्रांची पहिली पानं पाहावीत. पासपोर्ट आकाराचे फोटो ओळीने लावलेले, प्रत्येकाखाली क्रमांक. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत तर तेच क्रमांक एका दमात म्हणून दाखवतात. वसतिगृहातला दिवस पहाटे सुरू होतो आणि रात्री उशिरापर्यंत ‘स्टडी अवर्स’ चालतात. प्रयोगशाळेत हात घालायला, ग्रंथालयात भटकायला त्यात जागा नसते. आपल्याकडचा लातूर पॅटर्न आणि आता नांदेडचे क्लासेस याच वाटेने गेले. नावाला कॉलेजात प्रवेश आणि दिवसभर क्लासला, हा प्रकार इतका वाढला की महाराष्ट्र सरकारला २०१८ मध्ये अकरावी-बारावी विज्ञानासाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. पण ज्या वर्षांना पुढे किंमतच ठेवलेली नाही, त्या वर्षांत मुलाने वर्गात बसावं असं कशाच्या जोरावर सांगायचं? हजेरीयंत्र या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही.

एका आकड्यावर सगळं सोपवलं की काय होतं ते तेलंगणाने २०१९च्या एप्रिलमध्ये पाहिलं. इंटरच्या निकालात मोठा गोंधळ झाला. एका हुशार मुलीला तेलुगूच्या पेपरात शून्य गुण दाखवले गेले. फेरतपासणीत ते ९९ निघाले. तिचं ऐकून घेतलं गेलं. पण त्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. त्या मुलांनी दोन वर्षं जे केलं होतं, त्याची दुसरी कुठलीच नोंद कुणाकडे नव्हती.

अमेरिकेची गोष्ट मी मुद्दामच उशिरा सांगते आहे, कारण ती अर्धवट सांगितली जाते. अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट १९५०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं ते चांगल्या शाळांतल्या हुशार मुलांसाठी. शाळेत शिकलेलंच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकावं लागू नये, हा हेतू. एक ते पाच असे गुण, आणि वरचे गुण मिळाले तर अनेक विद्यापीठं तो विषय झालेला मानतात. एका पेपरची फी शंभर डॉलरच्या घरात. आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांत पोचली ती हीच शाखा.

दुसरी शाखा वेगळ्या हेतूने निघाली. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात एक हायस्कूल सुरू झालं. त्यात घेतली गेली ती शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुलं. शाळेत रमत नाहीत, घरी शिकलेलं कुणी नाही, वर्गात मागे बसतात अशी. त्यांना कॉलेजच्या इमारतीत आणलं, कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर ग्रंथालयात बसवलं, हळूहळू कॉलेजचे विषय घेऊ दिले. कुणी मोठ्या माणसासारखं वागवलं की पोरं तशी वागू लागतात, हा त्यामागचा अंदाज होता. १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने शाळेतल्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेण्याची मुभा दिली. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या मदतीने ‘अर्ली कॉलेज’ शाळा देशभर निघाल्या, बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या मुलांसाठी. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने यांतल्या काही शाळांचा अभ्यास केला. या शाळांत प्रवेश सोडतीने होत असे. त्यामुळे चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुलं यांची तुलना करता आली. चिठ्ठी निघालेली मुलं कॉलेजात जास्त गेली आणि पदवी किंवा पदविका घेऊन जास्त बाहेर पडली. मुलं मुळात सारखीच होती. फरक पडला तो कॉलेजचं दार लवकर उघडल्यामुळे.

हैदराबादेत आणि महाराष्ट्रात या दुसऱ्या शाखेचं एक रूप आपल्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षं आहे, पण आपण त्याकडे या नजरेने पाहत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला मुलगा तीन वर्षांचा डिप्लोमा करतो आणि थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसतो. तेलंगणात त्यासाठी ईसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात. दहावीनंतर तीन अधिक तीन, म्हणजे सहाच वर्षं. बारावीच्या वाटेने गेलेल्यालाही दोन अधिक चार मिळून सहाच लागतात. पण डिप्लोमावाल्याने सोळाव्या वर्षी लेथवर जे काम केलं, सर्किट जुळवलं, सर्व्हेची साखळी ओढली, ते पदवीच्या पहिल्या वर्षाच्या जागी धरलं जातं. शिवाय मध्येच घरची अडचण आली, तर हातात नोकरी मिळवून देणारं प्रमाणपत्र असतं. मासाब टँकचं सरकारी पॉलिटेक्निक घ्या किंवा नांदेडचं घ्या, तिथे येणारी मुलं बहुतेक अशाच घरांतली असतात. दुसऱ्या वर्षी वर्गात आल्यावर त्यांचं गणित थोडं मागे असतं आणि कार्यशाळेत ती इतरांच्या पुढे असतात. ही व्यवस्था इतकी वर्षं चालली आहे आणि पदवीचा दर्जा त्यामुळे ढासळला असं कुणी म्हणत नाही. अभियांत्रिकीला जे जमतं, ते बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला का जमू नये?

कागदावर तर ते आता जमलेलंच आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात शालेय वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे ३० तासांना एक. बारावीपर्यंतच्या इयत्ता त्यात पायऱ्यांनी बसवल्या आहेत आणि पीएचडी आठव्या पायरीवर. पदवीच्या वर्षालाही साधारण ४०च श्रेयांक. २०२१ पासून श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी आहे. तिच्यात जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मोजमाप एकच झालं, खातं एकच झालं. तरीही अकरावी-बारावीचे ८० श्रेयांक घेऊन आलेल्या मुलीच्या पदवीचे १२० श्रेयांक पहिल्यापासूनच सुरू होतात. बारावीला तिने संख्याशास्त्र कितीही खोलवर केलं असलं, तरी एफ.वाय.ला तेच प्रकरण पुन्हा. दोन्ही बाजूंचं माप जुळलं आहे, पण मधली भिंत कुणी हलवलेली नाही. आयआयटी मद्रासने २०२१ मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या पदवीत अकरावी झालेल्या मुलाला पात्रता मिळवून जागा पक्की करता येते आणि बारावी झाली की तो रुजू होतो. एवढं जरी आपल्या राज्य विद्यापीठांनी केलं, तरी पुष्कळ मुलांचं बारावीचं वर्ष भीतीशिवाय जाईल.

आता आक्षेपांकडे येते. त्यांतला सगळ्यांत गंभीर आक्षेप बासरमधूनच येतो.

जून २०२२ मध्ये ट्रिपल आयटी बासरच्या हजारो विद्यार्थ्यांनी आवारात ठिय्या दिला. ऊन-पाऊस अंगावर घेत ती मुलं आठवडाभर बसून होती. पूर्णवेळ कुलगुरू नेमा, पुरेसे शिक्षक द्या, जेवण सुधारा, वसतिगृह राहण्यासारखं करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षणमंत्र्यांनी येऊन आश्वासन दिल्यावर मुलं उठली. पुढच्याच महिन्यात मेसच्या जेवणातून शेकडो मुलं आजारी पडली. नंतर आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. खेड्यातली, तेलुगू माध्यमातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं घरापासून लांब एका बंद आवारात इंग्रजीतून शिकायला आणून ठेवायची आणि नंतर त्यांच्याकडे बघायला माणूस नसायचा, हे क्रूर आहे. मोठ्या माणसासारखं वागवणं म्हणजे एकटं सोडणं असा अर्थ कुणी घेत असेल, तर सोळाव्या वर्षी कॉलेज नकोच.

पण यातून कल्पना टाकून द्यावी असं मला वाटत नाही. मूल उचलून कॉलेजपर्यंत नेण्यापेक्षा कॉलेज मुलाजवळ आणलं पाहिजे, हा यातला धडा आहे. बासरची कल्पना योग्य होती. तिला जी किंमत मोजावी लागली ती शिक्षकांच्या रिकाम्या जागांची आणि बंदिस्तपणाची.

दुसरा आक्षेप घाईचा. मुलांचं बालपण आधीच आखडलं आहे, त्यात कॉलेजचा अभ्यास कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न मनापासूनचा आहे. पण आजच्या अकरावी-बारावीत बालपण उरलेलं कुठे आहे? पहाटेपासून रात्रीपर्यंत बहुपर्यायी प्रश्नांच्या सरावात जाणारी दोन वर्षं आणि आठवड्यातले काही तास एखादा विषय मनापासून खोलवर शिकण्यात जाणारी दोन वर्षं यांत निवड करायची असेल, तर मी आपल्या मुलांसाठी दुसरी निवडेन. वर्ष वाचवणं हा यातला दुय्यम लाभ आहे. डिप्लोमात वर्ष वाचत नाही, बासरमध्येही वाचत नाही, तरी दोन्हीकडे मुलाचं काम पुढे धरलं जातं. हे जास्त मोलाचं आहे.

आणि मुलींचा विचार करा. मराठवाड्यात, तेलंगणाच्या कोरडवाहू भागात मुलीचं शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा वर्गात नापास होऊन सुटत नाही. एक टप्पा संपला आणि दुसरा सुरू व्हायचा आहे, या फटीत ते सुटतं. दहावी झाली, आता पुढे बघू. बारावी झाली, सीईटीला कमी पडले, एक वर्ष थांबू. त्या थांबलेल्या वर्षात स्थळ येतं. बारावीतच जिच्या नावावर पदवीचे आठ श्रेयांक जमा आहेत, तिच्या बापाला सांगता येतं की पोरगी कॉलेजात आहे, तिची डिग्री सुरू झाली आहे. सुरू झालेलं मोडायला माणसं कचरतात. घराघरांत हे असंच चालतं, आणि धोरण आखणाऱ्यांनी ते जमेस धरलं पाहिजे.

तिसरा आक्षेप दर्जाचा: शाळेच्या मास्तरांनी शिकवलेलं विद्यापीठाने का मानावं? याचं उत्तर महाराष्ट्राकडे तयार आहे आणि ते हैदराबादपेक्षाही सोपं आहे. आपल्याकडे कितीतरी तालुक्यांच्या गावी कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच संस्थेचं, एकाच फाटकाआत आहे. बारावीचा वर्ग तळमजल्यावर आणि एफ.वाय.चा वरच्या मजल्यावर. ग्रंथालय एकच. हैदराबादेत जांबागला विवेक वर्धिनीची शाळाही आहे आणि पदवी महाविद्यालयही. अशा ठिकाणी अकरावीच्या मुलीला आठवड्यातून चार तास वरच्या मजल्यावर पाठवायला नवी इमारत, नवा शिक्षक, नवा कायदा काही लागत नाही. शिकवणारा प्राध्यापक पदवीचाच, प्रश्नपत्रिका पदवीचीच, तपासणारे तेच. चार श्रेयांकांचा एक विषय, एफ.वाय.च्या मुलांबरोबरच. पास झाली तर श्रेयांक पेढीत जमा. नापास झाली तर बारावीवर त्याचा काही परिणाम नाही. पदवीला आली की तो विषय झालेला धरायचा. संख्याशास्त्र घ्या, मराठी किंवा तेलुगू साहित्य घ्या, भूगोलाचं क्षेत्रकाम घ्या, हिशेबशास्त्र घ्या. सुरुवातीला दहा जागा ठेवा आणि त्यांतल्या निम्म्या सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्यांना द्या. बासरने ०.४ चा जो नियम केला, त्याचा हा आपल्या मातीतला अवतार ठरेल. फी घेऊ नये. फी घेतली की पुढच्या वर्षी त्या दहाही जागांवर क्लासवाल्यांची मुलं बसलेली दिसतील.

स्वायत्त महाविद्यालयांना हे पुढच्या जूनपासून करता येईल, कारण त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्याच हातात आहेत. बाकीच्यांसाठी विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा ठराव लागेल. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यात पुढे येऊ शकतं. त्याच्या हद्दीला लागून बासर आहे, आणि ज्यांचं नाव त्याने घेतलं आहे त्या स्वामीजींच्या निजामविरोधी लढ्यातल्या मुलांचं शिक्षण एका विद्यापीठाने दुसऱ्यावर विश्वास ठेवला म्हणून पुरं झालं होतं. हा लेख वाचणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, प्राचार्य आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत, विद्या परिषदेचे सदस्यही असतील. त्यांना माझी विनंती आहे की दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा ठराव लेखी ठेवावा: एक विषय, चार श्रेयांक, दहा जागा, आणि फी नाही.